लखनौत जीवशास्त्राचं संशोधन: चौथ्या वर्षाची तयारी दुसऱ्या वर्षापासून

बीएस्सीला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवरसायनशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवी चार वर्षांची झाली आणि शेवटच्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ हा पर्याय आला. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ साली प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये त्या वर्षाला पोचेल. लखनौ विद्यापीठानं हा आराखडा त्याआधीच स्वीकारला आहे.

मराठी विद्यार्थ्यांना लखनौबद्दल सांगण्याचं कारण सरळ आहे. जीवशास्त्राच्या इतक्या वेगवेगळ्या शाखांच्या राष्ट्रीय संस्था एकाच शहरात मिळणं दुर्मीळ. पण संस्था जवळ असणं आणि त्यांच्या लॅबमध्ये आपल्याला जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सातव्या सेमिस्टरला रिकाम्या हातानं गाइड शोधायला निघालेल्यांना उरलेसुरले विषय मिळतात. दुसऱ्या वर्षी एखादा छोटा प्रश्न घेऊन कामाला लागलेल्यांना दारं उघडतात. हा फरक हुशारीचा नाही, वेळेवर सुरुवात करण्याचा आहे.

आधी नियम नीट समजून घ्या

विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा जाहीर केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. महाराष्ट्रात हे आकडे अनुक्रमे १३२ आणि १७६ पर्यंत जातात. संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के गुण हवेत. चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली १२ क्रेडिटचा प्रकल्प करून प्रबंध लिहायचा असतो. संशोधन न निवडणाऱ्यांना त्याऐवजी तेवढ्याच क्रेडिटचे विषय घेऊन ऑनर्स मिळतं.

सहाही सेमिस्टर मोजल्या जातात, हे पहिल्या वर्षीच लक्षात घ्या. ‘पहिल्या वर्षाचं कोण बघतं’ या समजुतीवर राहिलेल्यांची गाडी शेवटी ७३-७४ टक्क्यांवर अडते.

आपल्या महाविद्यालयात तीन गोष्टी विचारा. या विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक किती आहेत? प्रकल्प बाहेरच्या संस्थेत करायला परवानगी मिळते का? मिळत असेल, तर विभागातला सहमार्गदर्शक लागतो का? उत्तरं तोंडी ऐकून समाधान मानू नका. अभ्यासक्रमाची छापील प्रत मागा आणि तो भाग स्वतः वाचा.

पुढचे फायदे खरे आहेत. चार वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी एका वर्षात करता येते. आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्यांना थेट पीएचडीच्या प्रवेशप्रक्रियेत उतरता येतं आणि राखीव प्रवर्गांना त्यात ५ टक्क्यांची सवलत आहे. मात्र बी.एड., स्पर्धा परीक्षा किंवा उद्योगातली नोकरी हे ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांनी साधं ऑनर्स घेण्यात काहीच कमीपणा नाही. वर्षभर एकाच प्रश्नाशी झुंजायची तयारी असेल तरच संशोधनाचा पर्याय घ्या.

लखनौत काय कुठे आहे

लखनौ विद्यापीठात १९२१ साली वर्ग सुरू झाले आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बिरबल साहनी आले. प्राणिशास्त्रात करम नारायण बहल होते. फेरेटिमा या गांडुळाची जी शरीररचना आपण पाठ्यपुस्तकातून शिकलो, त्यावर बहल यांनी १९२६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि भारतीय प्राण्यांवरच्या ग्रंथमालेची त्यानं सुरुवात झाली. शेतातलं साधं गांडूळ इतक्या बारकाईनं तपासावं असं कोणाला वाटलं, म्हणून ते पुस्तकात आलं. पदवीच्या विद्यार्थ्यानं या परंपरेतून एवढं घ्यावं: विषय हाताशी असलेला चालतो, पाहणं मात्र कसून हवं.

विद्यापीठालगतच युनिव्हर्सिटी रोडवर बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था आहे. १९४६ मध्ये ती स्थापन झाली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची कोनशिला बसली. त्या कोनशिलेतच जीवाश्म बसवलेले आहेत. अवघ्या आठवड्यात, १० एप्रिलला साहनी गेले आणि संस्था उभी करण्याचं काम त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी पुढे नेलं. महाराष्ट्राशी या विषयाचा जुना धागा आहे. नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या वनस्पती-जीवाश्मांवर साहनी आणि के. पी. रोडे यांनी १९३७ मध्ये शोधनिबंध लिहिला. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात हे जीवाश्म सापडतात. वनस्पतिशास्त्रासोबत भूगर्भशास्त्र घेतलेल्या विदर्भातल्या विद्यार्थ्यानं या संस्थेचा विचार जरूर करावा, कारण त्याचा विषय त्याच्या घराजवळच्या खडकात आहे.

सिकंदरबागेत, राणा प्रताप मार्गावर राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. १९५३ मध्ये तिथलं वनस्पती उद्यान केंद्र सरकारच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे, म्हणजे सीएसआयआरकडे आलं. वर्गीकरण, वनस्पतींची जनुकं, प्रदूषण आणि झाडं यांत रस असणाऱ्यांसाठी ही जागा आहे. सीतापूर रोडकडे जानकीपुरम विस्तारात केंद्रीय औषध संशोधन संस्था आहे. ती १९५१ मध्ये छत्तर मंझिल या नवाबी वाड्यात सुरू झाली होती. आठवड्यातून एकदा घ्यायची ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी तिथलीच. १९९१ मध्ये ती बाजारात आली आणि पुढे ‘छाया’ या नावानं सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात गेली. कुकरैलच्या बाजूला औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था, म्हणजे सीमॅप, आहे. पुदिन्यापासून गवती चहापर्यंतच्या पिकांवर तिथे काम चालतं. महात्मा गांधी मार्गावर विषविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. पाणी, अन्न आणि हवेतल्या घातक द्रव्यांचा अभ्यास हा तिचा विषय.

शेतीकडे ओढा असेल तर रायबरेली रोडला ऊस संशोधन संस्था, काकोरीजवळ रहमानखेड्याला आंबा-पेरूवर काम करणारी उपोष्ण फलोद्यान संस्था आणि तेलीबागेत माशांच्या जनुकीय संपदेचं राष्ट्रीय केंद्र आहे. वैद्यकीय बाजूला संजय गांधी पदव्युत्तर संस्था आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ. बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ हे केंद्रीय विद्यापीठही याच शहरात आहे.

या यादीतल्या सगळ्या ठिकाणी अर्ज पाठवू नका. दोन संस्था निवडा आणि त्यांतल्या तीन-चार शास्त्रज्ञांचं काम वाचा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली आहे. सरकारी विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना तीतून हजारो संशोधन-नियतकालिकं मोफत वाचता येतात. आपलं महाविद्यालय त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा.

गाइडच्या आधी प्रश्न शोधा

‘मला कॅन्सरवर काम करायचंय’ हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. पदवीच्या पातळीवर प्रश्न एवढा लहान हवा, की चार महिन्यांत त्याचं हो किंवा नाही असं उत्तर मिळावं. आणि त्याची चाचणी दुसऱ्या वर्षीच, महाविद्यालयातल्या सूक्ष्मदर्शकावर करता यावी. एक उदाहरण तपशिलात पाहू.

प्रश्न असा: रहदारीच्या रस्त्याकडेच्या पिंपळाच्या पानांवर पर्णरंध्रांची संख्या आवारातल्या पिंपळापेक्षा वेगळी असते का? लखनौ विद्यापीठाचं आवार आणि बाहेरचा रस्ता इथे जमेल, नागपूर-जळगावातही जमेल. पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर लावायचा, वाळू द्यायचा, पारदर्शक चिकटपट्टीनं अलगद उचलायचा आणि काचपट्टीवर चिकटवायचा. पानाचा ठसा मिळतो. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली रंध्रं मोजायची. दृश्य वर्तुळाचा व्यास स्टेज मायक्रोमीटरनं आधी मोजून घ्यायचा. समजा तो ०.४५ मिलिमीटर आला, तर क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर. वर्तुळात २४ रंध्रं दिसली, तर एका चौरस मिलिमीटरला १५०.

इथपर्यंत सोपं आहे. खरं शिक्षण पुढे आहे. पानं एकाच वयाची हवीत, म्हणून प्रत्येक फांदीवर शेंड्याकडून ठरावीक क्रमांकाचं पूर्ण वाढलेलं पान घ्यायचं. उन्हातल्या आणि सावलीतल्या पानांत रंध्रांची दाटी मुळातच वेगळी असते, म्हणून दिशा आणि उंची सारखी ठेवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एका झाडाची १० पानं, प्रत्येक पानावर ५ वर्तुळं असे ५० आकडे जमले, तरी तुमच्याकडे झाड एकच आहे. रस्ता आणि आवार यांची तुलना करायची, तर दोन्हीकडची निदान सात-आठ झाडं हवीत आणि प्रत्येक झाडाची सरासरी हा एक आकडा धरायला हवा. पदवीच्या प्रकल्पांत ही गफलत वारंवार दिसते, आणि परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

कण्हेरीच्या पानावर ही युक्ती फसते, कारण तिची रंध्रं पानातल्या खोल खड्ड्यांत असतात. असं काहीतरी स्वतः करताना लक्षात आलं, की तुम्ही पद्धतीची मर्यादा ओळखायला शिकलात. नेलपॉलिशची बाटली आणि एक सूक्ष्मदर्शक एवढ्यावर हे जमतं. मोठ्या लॅबमध्ये जाण्यापूर्वी असं एक काम पूर्ण करा आणि त्याचा चार पानी अहवाल लिहून ठेवा. तीच तुमची ओळख.

शास्त्रज्ञांना पत्र कसं लिहावं

शास्त्रज्ञांना रोज विनंतीची पत्रं येतात. ‘आदरणीय महोदय, आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ असं एकच पत्र पन्नास जणांना पाठवलेलं पहिल्याच ओळीत ओळखू येतं. पत्र इंग्रजीत लिहा, पण त्यातला मजकूर असा असू द्या:

‘मी बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या चौथ्या सेमिस्टरला आहे. धूळ आणि पानांची रचना यांवरचा आपला अमुक शोधनिबंध वाचला. त्यात आपण दोन हंगामांची तुलना केली आहे. आमच्या गावात मी १६ पिंपळांच्या पर्णरंध्रांची मोजणी केली, तिचा अहवाल जोडला आहे. मोजणी जमली, पण पानावरच्या धुळीचं वजन करण्याची पद्धत मला नीट जमली नाही. मे आणि जूनमध्ये आठ आठवडे आपल्या लॅबमध्ये येऊन ती शिकता येईल का? महाविद्यालयाचं पत्र आणि राहण्याची व्यवस्था मी करेन.’

काय केलं, काय जमलं नाही, किती दिवस हवेत आणि खर्चाचं काय, हे चारही मुद्दे त्यात आले. पंधरा दिवस उत्तर आलं नाही, तर एक नम्र आठवण पाठवा. त्यानंतर पुढच्या नावाकडे वळा. उत्तर न येणं म्हणजे तुमच्याबद्दलचं मत नव्हे.

होकार आला की विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, बोनाफाईड, गुणपत्रिका आणि महाविद्यालयाची एनओसी लागते. काही संस्था प्रशिक्षणाचं शुल्क घेतात. होकार देण्याआधीच ते विचारा, यात संकोच नको.

उन्हाळी शिष्यवृत्त्या

बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेल्यांना देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करता येतं आणि विद्यावेतन मिळतं. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरावे लागतात. उन्हाळ्याचा विचार एप्रिलमध्ये करणाऱ्यांची ही संधी म्हणूनच हुकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राचाही असा उन्हाळी कार्यक्रम असतो.

बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान निवडलेल्या विद्यार्थ्यांना केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळू शकते. ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यातले २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. म्हणजे ज्यांच्याकडे ही शिष्यवृत्ती आहे, त्यांच्या लखनौच्या दोन महिन्यांना आधार तयारच आहे. केव्हीपीवाय ही जुनी योजना २०२२ पासून यातच सामावली गेली, त्यामुळे तिच्या परीक्षेच्या जुन्या पुस्तकांवर पैसे घालवू नका.

लॅबमधले महिने

प्रॅक्टिकलचं जर्नल आपण सत्र संपताना सुवाच्य अक्षरात उतरवतो आणि सही घेतो. लॅबची नोंदवही तशी नसते. ती त्या क्षणी, शाईनं, तारखेसह लिहायची. चुकलेला आकडा एका रेघेनं खोडायचा, पान फाडायचं नाही. द्रावण कोणी केलं, बाटलीवरची तारीख काय, ऑटोक्लेव्ह किती वेळ चालला, हेही टिपायचं. तीन महिन्यांनी प्रयोग का फसला याचं उत्तर बहुतेक वेळा अशाच एखाद्या किरकोळ नोंदीत सापडतं.

पहिले दोन आठवडे काचसामान धुण्यात, माध्यमं तयार करण्यात आणि पिपेट हातात बसवण्यात जातील. ते कमी दर्जाचं काम समजू नका. १० मायक्रोलिटर खरोखरच १० येतात का, हे वजनकाट्यावर पाणी तोलून तपासा. पाण्याचं एक मायक्रोलिटर म्हणजे जवळपास एक मिलिग्रॅम. ज्याचा हात स्थिर झाला, त्याच्या हाती महागडे अभिकारक दिले जातात. रसायनांची सुरक्षापत्रकं वाचा आणि लॅबचं शिक्षण ज्या पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून मिळतंय, त्याचा वेळ सांभाळा.

परवानग्यांचा विचार विषय ठरवतानाच करा. उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते. माणसांचं रक्त, लाळ किंवा माहितीची प्रश्नावली घ्यायची तर मानवी संशोधनाच्या नीतिसमितीची. कुकरैलच्या जंगलात पक्षी पाहून नोंदी करणं वेगळं आणि तिथून काही गोळा करणं वेगळं. तिथल्या पैदास केंद्रातल्या मगरीच्या जातीच्या घडियालासारख्या प्राण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे. मंजुरीला महिने लागतात आणि तुमचा प्रकल्प वर्षाचा असतो. म्हणून पदवीसाठी वनस्पती, सूक्ष्मजीव, कीटक किंवा आधीच उपलब्ध असलेली माहिती हे विषय अधिक व्यवहार्य ठरतात.

गाइडशी मतभेद झाला, वेळ मिळेनासा झाला, तर दोन आठवडे वाट पाहून लेखी स्वरूपात सहमार्गदर्शकाला आणि विभागप्रमुखांना कळवा. कोणाचं वागणं अयोग्य वाटलं, तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्याकडे जाण्यासाठी तुम्ही तिथले कायमचे विद्यार्थी असण्याची अट नाही.

प्रबंध आणि त्यानंतर

लिहायला शेवटच्या महिन्यात बसू नका. पद्धतीचं प्रकरण काम चालू असतानाच लिहून होतं. उचलेगिरीबाबत आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं जातं, त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. पण सॉफ्टवेअरच्या आकड्यापेक्षा सवय महत्त्वाची: दुसऱ्याचा विचार घेतला की तिथेच त्याचं नाव लिहा.

निष्कर्ष ‘फरक आढळला नाही’ असा आला, तर घाबरू नका. सात-आठ झाडांवर नीट केलेल्या मोजणीतून आलेलं ‘नाही’ हे उत्तर, एका झाडावरच्या ‘हो’पेक्षा मोलाचं आहे. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. शोधनिबंध निघणार असेल, तर लेखकांच्या यादीत तुमचं नाव कुठे असेल, हे काम सुरू होतानाच स्पष्ट विचारा.

राहणं, भाषा, हवा

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेस थेट लखनौला जाते. उन्हाळी जागांसाठी तिकीट होकार मिळताच काढा, कारण मे महिन्यात गाड्या भरलेल्या असतात. पारा तेव्हा चाळिशीच्या वर जातो, म्हणून बाहेरचं नमुने गोळा करण्याचं काम पहाटे उरकायचं. राहण्याची सोय लॅबच्या जवळ बघा. जानकीपुरम आणि तेलीबाग ही शहराची दोन टोकं आहेत. लॅबमधलं बोलणं हिंदी-इंग्रजीत चालतं आणि मराठी मुलांना ते जड जात नाही.

आता काय करायचं

पहिल्या वर्षी गुण सांभाळा आणि सूक्ष्मदर्शक, सांख्यिकी, इंग्रजी शोधनिबंध वाचणं या तीन गोष्टी शिका. दुसऱ्या वर्षी एक छोटा प्रश्न घेऊन चार पानी अहवाल तयार करा आणि हिवाळ्यात उन्हाळी शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरा. तिसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुटीत एका लॅबमध्ये जाऊन या. सहाव्या सेमिस्टरला गाइड, विषय आणि परवानग्या पक्क्या करा. मग चौथं वर्ष गाइडच्या शोधात न जाता कामात जाईल.

पालकांना एकच विनंती. मुलगी किंवा मुलगा सुटीत दोन महिने घरापासून दूर जाऊन पानांवरची रंध्रं मोजणार असेल, तर ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न थोडा लांबणीवर टाका. स्वतः मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की तो पुन्हा तपासायचा, हे ठरवायला ती तिथे शिकते. ही शिस्त पुढे संशोधनात, शिक्षकाच्या नोकरीत, औषध कंपनीत किंवा शेतीत, कुठेही गेली तरी कामाला येते.